मागून पुस्तक वाचणाऱ्या बाई

बाई पुस्तक मागून वाचायच्या. त्यांच्या हिब्रू पोथ्या उजवीकडून सुरू होतात, त्याचीच ही सवय असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पण तसं काही नव्हतं. परग्रहांच्या, अंतराळयानांच्या ज्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या असतात, त्यांच्या शेवटी पुष्कळदा शब्दार्थ दिलेले असतात. या ग्रहावर पाण्याला काय म्हणतात, तिथल्या राजाला काय म्हणतात, पुजाऱ्याच्या झग्याला काय म्हणतात. बाई तेवढंच वाचायच्या. गोष्ट वाचायच्या नाहीत.

"गोष्टीत काय असतंय? कुणी कुणाला मारलं नि शेवटी कोण वाचलं. ते पेपरात पण येतं," म्हणायच्या. "मला शब्द दाखव."

मागं शब्दार्थ नसतील तर पुस्तक नापास. उलटंपालटं करून, झटकून बघायच्या, जणू शब्दार्थ आत कुठं चिकटून राहिले असतील. मग "बिनमुळाचं आहे गं हे" म्हणून ते पिशवीत टाकायच्या आणि दापोडीला परत पाठवायच्या. दापोडीला रेल्वेच्या अलीकडच्या गल्लीत चाचांचं रद्दीचं दुकान होतं. बाईंना पुस्तकं पुरवणारे तेच, आणि बाईंशी भांडणारेही तेच. त्यांच्याकडे येतेच.

आधी माझं सांगते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणी न विचारता सांगते. अण्णा लातूरकडून आले, चाकणला फाउंड्रीत लागले आणि कुरुळीत भाड्याच्या खोलीत त्यांनी आमचा संसार मांडला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि भोसरीच्या एका कंपनीत मशीनची माहितीपुस्तकं मराठीत करायला लागले. रोजची कुरुळीची ये-जा अंगावर यायला लागली, तेव्हा संत तुकाराम नगरात खोली बघायला निघाले. एका दाराच्या चौकटीला तिरकी लावलेली लहानशी डबी दिसली. दार उघडलं ते गाऊनच्या बटणाला सुतळीनं पेन्सिल बांधलेल्या बाईंनी.

"कुठली तू?"

मी दाखल्यावर लिहितात तसं घडाघडा सांगितलं, "मुक्काम पोस्ट कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे."

"परग्रहावर माणसं राहतात असं वाटतं का तुला?"

मला खोलीची गरज होती. मी म्हटलं, "वाटतं."

"मग ये. आंघोळीचं पाणी सातपर्यंतच असतं."

बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी; दारावरच्या त्या डबीत त्यांची प्रार्थना गुंडाळून ठेवलेली असते. "आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे नि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून आम्ही शनवार तेली," असं त्या पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या. बोलणं अस्सल मराठी, भाजीवाल्याशी घासाघीस त्याहून अस्सल. शुक्रवारी दिवेलागणीला पेन्सिल सुतळीसकट बटणावरून सोडवायच्या आणि शनिवारी संध्याकाळी परत बांधायच्या. मधल्या वेळात लिहिणं नाही, गॅस नाही, फोन नाही, गाडी नाही, विजेचं बटण नाही. "शनिवारी नवीन काही घडवायचं नाही. जे आहे ते बघायचं." वाचायला परवानगी होती. पण पेन्सिलीशिवाय वाचताना त्यांचा उजवा हात नुसता तडफडत असायचा.

त्या शोधायच्या मूळ. हे मूळ प्रकरण मला एका संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी समजावलं, आणि त्या भाकऱ्या करपल्या.

"अरबी नि हिब्रू या बहिणी. दोघींच्यात शब्दाचा जीव तीन अक्षरांत असतो. क, त, ब घे. लिहिणं आलं. त्यात वेगवेगळे स्वर ओत. किताब होतं, लिहिणारा कातिब होतो, लिहायला शिकवायची जागा मकतब होते. आमच्या लग्नाचा कागद असतो, तो केतुबा. अक्षरं तीच!"

मी म्हटलं, "म्हणजे धातू तोच, साचे वेगळे."

बाईंनी पिठाचा हात माझ्या पाठीत मारला. "शाबास! फाउंड्रीतली पोर शोभतेस! आता हे लेखक काय करतात बघ. त्यांना दूरच्या ग्रहावरचा शब्द हवा असतो. ते गुपचूप इथला धातू उचलतात नि आपल्या साच्यात ओततात. वाळू आली की अरबीत हात घालायचा, राक्षस नि देवदूत आले की हिब्रूत. वाचणाऱ्याला तो शब्द कधी ऐकलेला नसतो, पण हजार वर्षं कुणीतरी वापरला असावा असा वाटतो. का वाटतो? कारण वापरलेलाच असतो! चोर लेकाचे!"

'चोर लेकाचे' हे त्या इतक्या प्रेमानं म्हणायच्या, की चोरी पकडली गेली नसती तर त्यांनाच वाईट वाटलं असतं. एखादं मूळ सापडलं की हातात असेल ते टाकून उठायच्या, गॅलरीत जायच्या नि खाली कुणीही असो, त्याला ओरडून सांगायच्या. इस्त्रीवाला आता सराईत झाला होता. तो खालूनच विचारायचा, "सापडलं का बाई आज?"

शालोम आणि सलाम एकच, हे मी एकदा मोठ्या ऐटीत सांगायला गेले. "ते बालवाडीचं," म्हणाल्या. "पुढचं सांग."

एका रविवारी शिफ्ट सुटल्यावर अण्णा मला भेटायला आले होते. बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "फाउंड्रीतून काढलेला तुकडा, अजून मशीनवर चढवला नसेल तर त्याला काय म्हणता?"

"कच्चं कास्टिंग."

"आमच्या जुन्या गोष्टींत मातीचा माणूस करतात नि त्याच्यात जीव घालतात. त्याला गोलेम म्हणतात. सगळ्या यंत्रमानवांचा आजोबा तो. आणि शब्दाचा अर्थ काय, तर अजून न घडलेला. कच्चं कास्टिंग!"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "आयला," म्हणाले, "मग आमी रोज शेकडा माणसं वतलालाव की!" त्या दिवसापासून अण्णा फाउंड्रीत नव्या भरतीच्या पोरांना गोलेम म्हणायला लागले. पोरांना ते एखाद्या टॉनिकचं नाव वाटायचं.

आता चाचा. लहानपणी मदरशात अरबी शिकलेले, पुढं आखातात क्रेन चालवलेले, मग दापोडीला रद्दीत बसलेले. आमच्याकडं कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी गल्लीतल्या घरांची झाडलोट होते आणि शुक्रवारी रद्दी येते. त्यामुळं गुरुवारी चाचांना सवड. पुस्तकांची पिशवी स्कूटरला अडकवून ते यायचे आणि दोघं शब्दांच्या ताब्यावरून भांडायला बसायचे.

"हा आमचा," बाई.

"काय प्रोफेसरीणबाई, सकाळी सकाळी! हा सरळ अरबी दिसतोय. बघा की, गळ्यातून येतोय."

"गळा आम्हाला पण आहे, चाचा."

"आहे ना. सगळ्या कॉलनीला माहितीय."

निकाल कधीच लागायचा नाही. उठताना चाचा म्हणायचे, "ठीक आहे, आज अर्धा-अर्धा." बाई म्हणायच्या, "अर्धा कशाला? पुढच्या गुरुवारी पूर्ण घेते."

बाई चुकायच्याही, आणि चुकल्या तरी त्याच जोरात. एकदा त्यांनी जाहीर केलं की चाकण हे गाव हिब्रू आहे. शाखेन म्हणजे शेजारी, राहणारा. त्याचंच चाकण झालं. दोन दिवस त्या नुसत्या उडत होत्या. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तळेगाव पण तुमचंच का, बाईसाहेब? तेवढं आम्हाला राहू द्या, तिकडं माझ्या मेहुण्याचा प्लॉट आहे." बाई खूप हसल्या. मग पेन्सिलीनं ते खोडलं. "मूळ खोटं निघालं तर उपटून टाकायचं, पोरी. पण चूक देखणी होती, हे कबूल कर."

अशा घरात राहून मला लिहायची खाज सुटली नसती तरच नवल. चिंचवडला एक लहानशी कंपनी मराठीत ऐकायच्या मालिका काढायची. मी त्यांना अंतराळातली एक गोष्ट सुचवली. फार जुन्या काळी एकाच ग्रहावरून दोन जहाजं निघालेली आहेत. एकमेकांना विसरलेली आहेत. दोघांना एकाच जागी पोचायचंय, आणि दोघांना वाटतं की ती जागा फक्त आपली. निर्माता माझ्याच वयाचा, सगळ्यांना 'भावा' म्हणणारा. त्याला गोष्ट आवडली. माझं नाव लेखिका म्हणून पहिल्यांदा कुठंतरी येणार होतं. अण्णांनी फाउंड्रीत तिन्ही शिफ्टना सांगून टाकलं.

बाईंनी माझे पहिले भाग वाचले, अर्थात शेवटच्या पानापासून. एकच शेरा दिला: "यांच्या जहाजावर गुरुवारी इंजिनं बंद असतात. आकाशगंगेत पण एमआयडीसी काढलीस होय?" मी ते लिहिलंय हे मलाही कळलं नव्हतं. जगाची सुट्टी गुरुवारीच असते, असंच मी कळायला लागल्यापासून समजून चालले होते.

पण त्या जागेला नाव सापडत नव्हतं. दोन्ही जहाजं जिथं निघालीत त्या जागेला. त्या गुरुवारी मी दोघांपुढं हात जोडले.

"माकोम," बाई लगेच म्हणाल्या. "म्हणजे जागा. आमचे जुने लोक देवालाच माकोम म्हणायचे. दुःखाच्या घरी गेलं की म्हणायचं, ती जागा तुम्हाला धीर देवो."

"मकाम," चाचा म्हणाले. "उभं राहायची जागा. क, व, म, मधला व बोलताना विरतो. आमचा."

"आमचा म्हणजे? आमच्या पोथीत पहिल्या पानापासून आहे!"

"आमच्या हाजी लोकांना विचारा, मक्केत मकाम बघून येतात!"

भांडण रंगात आलं होतं, तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा. मी म्हटलं, आज यायला जमणार नाही, लिहायचंय.

"बरं," अण्णा म्हणाले, "मग आज मुक्काम तिकडंच का?"

अण्णांना उत्तर द्यायचं सोडून मी ओरडले. इस्त्रीवाल्यानं खालून विचारलं, "सापडलं का?" आणि यावेळी गॅलरीत जाऊन मी सांगितलं, "सापडलं!"

मुक्काम! दोघं एका शब्दाच्या दोन टोकांना धरून ओढत होते आणि मधला भाग आमच्या घरात होता. मी पहिल्या दिवशी बाईंच्या दारात उभं राहून तोच शब्द म्हटला होता, मुक्काम पोस्ट कुरुळी, आणि कुणाच्या कानाला लागला नव्हता. परग्रहाच्या पुस्तकांत मुळं शोधणाऱ्या माणसांनी आपल्या पत्त्याकडं बघितलंच नव्हतं.

बाई उठून गॅलरीत आल्या नाहीत, जागीच बसून राहिल्या. हे इतकं नवीन होतं, की चाचांनी त्यांना पाणी आणून दिलं. मग एकदम बांध फुटला. "कायम!" बाई ओरडल्या. "कायम तिथलाच! उभं राहिलेलं!" "किंमत!" चाचा. "किंमत पण! वस्तूच्या बदल्यात उभी राहते ती!" "साकीन! जुन्या कागदांत राहणार अमुक गावचा, तो साकीन! माझं चाकण चुकलं, पण शाखेनचा साकीन आहे!" मग चाचा आकाशात शिरले. तिकडच्या कादंबऱ्यांत ज्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरत असतात, त्यांची नावं मुळात अरबी. अल्देबरान म्हणजे मागून येणारा, आपली रोहिणी, कृत्तिकांच्या मागून येते म्हणून. अल्टेअर म्हणजे उडणारा, आपला श्रवण. आणि तेच 'उडणारा' मूळ घेऊन आपण रोज म्हणतो, तयार. "ससाणा उडायच्या बेतात आला की तो तय्यार," चाचा म्हणाले. "असं जुने लोक सांगायचे. पक्कं मी सांगत नाही." बाईंना पक्क्याची गरज नव्हती. त्या घरभर "तयार! तयार!" म्हणत फिरत होत्या. अण्णांना फोन मी संध्याकाळी केला. ते म्हणाले, "मुक्काम कुठं ते इचारलं तर वरडायला काय झालं गं?"

जागेचं नाव ठरलं. एक जहाज तिला माकोम म्हणतं, दुसरं मकाम, आणि शेवटच्या भागात ती भेटतात तेव्हा दोघांना कळतं, की दोघांच्या आधीची जी म्हातारी माणसं होती ती नुसतं मुक्काम म्हणायची. मी हे लिहून पाठवलं आणि हवेत चालत ऑफिसला गेले.

निर्मात्यानं बोलावलं.

"भारी आहे भावा," म्हणाला. मी भावा नव्हते, पण चालतं. "फक्त एक चेंज. दोन्ही जहाजं चांगली, असं कसं? व्हिलन पाहिजे ना. तर ते दुसरं जहाज, त्यांची भाषा अरबी-हिब्रू टाइप ठेव. ख, घ, जरा खरखरीत. आणि आपल्या जहाजावर शुद्ध मराठी. आणि मुक्काम नको. एस.टी.ची मुक्कामी गाडी आठवते."

मी सांगायचा प्रयत्न केला. तो वाईट माणूस नव्हता, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, शनिवारी पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग आहे, तोवर आपल्या जहाजाची शुद्ध मराठी हवी. जमत नसेल तर सांग, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, मनावर घेऊ नकोस.

म्हणजे माझं नाव राहणार की जाणार, हे त्या शनिवारी ठरणार होतं.

गुरुवारी मी हे सांगितलं तेव्हा बाई खवळतील असं वाटलं होतं. पण आधी चाचा बोलले, आणि हसत बोलले नाहीत.

"नेहमीचंच आहे, पोरी. सिनेमात पण बघतो मी. वाईट माणूस आला की माझ्यासारखं बोलायला लागतो. घरी नातू विचारतो, नाना, हा आपल्यातला का? मी म्हणतो, नाही रे, हा सिनेमातला."

बाईंनी पेन्सिल हातात घेतली. "कप्तानाचं पहिलं वाक्य वाच."

मी वाचलं, "जहाज तयार आहे. हुकूम द्या, साहेब."

"जहाज अरबी," चाचा हळूच म्हणाले.

बाईंनी तो खोडला आणि पुढचा वाचला. "तयार."

"खोडा," चाचा. बाईंनी तोही खोडला.

"हुकूम. साहेब. दोन्ही खोडा." चाचांच्या आवाजात आता गंमत परतायला लागली होती.

कागदावर उरलं होतं, "आहे. द्या."

आम्ही तिघंही त्या दोन शब्दांकडं बघत राहिलो आणि मग असे हसलो की चाचांना ठसका लागला. "बिचारा कप्तान," ते डोळे पुसत म्हणाले, "यान घेऊन निघाला नि बोलायला काही राहिलं नाही."

मी म्हटलं, हेच जाऊन निर्मात्याला दाखवते.

"नको," बाई म्हणाल्या. "मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलंय. दाखवून कुणाला काही कळत नाही. तो म्हणतो तसं कर. पण पूर्ण कर. अर्धवट करू नकोस. अरबी काढ, फारसी काढ, एकही ठेवू नकोस. आणि मग त्याच्या माणसाला ते मोठ्यानं वाचू दे."

"आणि त्याला तेच आवडलं तर?"

बाईंनी पेन्सिल खाली सोडली. "तर तू चांगलं काम केलंस आणि ते तुझं नाही. तुझं नाव तू काढून घ्यायचं." मग म्हणाल्या, "मी नवस बोलते. शब्द राहिले तर आमच्या एलियाहू हनाबी प्रेषिताच्या नावानं मलिदा करीन."

"मलिदा तर निर्मातेच खातात, बाईसाहेब," चाचा म्हणाले.

"हा पोह्यांचा असतो. खोबरं घालून. तुम्हाला पण मिळेल."

शुक्रवारी मी कंपनीतून सुट्टी टाकली आणि दिवसभर कप्तानाला सोवळं नेसवलं. संध्याकाळी दाखवायला गेले, तर बाई पेन्सिल सोडवत होत्या. "आता नाही," म्हणाल्या. "उद्या तू एकटी."

स्टुडिओ चिंचवडला चौथ्या मजल्यावर होता. कप्तानाचं काम करणारे एक जुने नट, नाटकांत आयुष्य गेलेले, चष्मा लावून माझे कागद बघत होते. निर्माता काचेपलीकडं. अण्णांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते: झालं का, झालं का.

नटांनी घसा साफ केला आणि वाचलं, "नभोयान सिद्ध आहे. आज्ञा द्यावी, महोदय."

काचेपलीकडं निर्मात्यानं मान डोलावली. चांगलं वाचलं होतं त्यांनी, माणूस कसलेला. क्षणभर वाटलं, झालं, त्याला आवडलं. पुढं वाचा, निर्माता म्हणाला.

पुढं जहाजाला भोक पडतं. मूळ वाक्य होतं, "हवा चाललीय! दरवाजा बंद करा, जलदी!" नटांनी श्वास भरून घेतला आणि जीव तोडून ओरडले, "वायू क्षीण होत आहे! द्वार अवरुद्ध करावे, सत्वर!"

मग ते थांबले. चष्मा काढला. "अगं बाळ," मला म्हणाले, "एवढं बोलेपर्यंत आतली सगळी माणसं गुदमरून मरतील की."

आधी साउंडवाला फुटला. त्याच्यामागून निर्माता. तो हसत होता आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलत गेला. "यातलं एवढं सगळं काढावं लागलं?" त्यानं विचारलं. "एवढं सगळं त्यांचं आहे?"

"त्यांचं नाही," मी म्हटलं. "शुद्ध मराठी मागताना तुम्ही स्वतः 'जहाज' म्हणालात. हे माझ्या अण्णांचं आहे. कुरुळीत हेच बोलतात. मुक्कामी गाडीनंच आम्ही लातूरहून इथं आलो."

हे शेवटचं वाक्य मी ठरवून गेले नव्हते. तो खुर्चीत मागं टेकला. तेवढ्यात दार उघडलं आणि बाई आत आल्या. घामानं न्हालेल्या. संत तुकाराम नगरातून चालत आल्या होत्या, आणि शनिवारी लिफ्टचं बटण दाबायचं नाही म्हणून चार मजले चढून. चाचा लिफ्टनं त्यांच्या आधीच वर पोचले होते, पण दारात थांबले होते. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते सगळा रस्ता स्कूटरवर, बाईंच्या शेजारून पहिल्या गिअरमध्ये आले होते, वाटभर कुठल्याशा शब्दावरून भांडत. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला म्हणे.

"काय झालं?" बाईंनी धापा टाकत विचारलं. "वाचलं का त्यांनी?"

नटांनी उठून खुर्ची दिली. निर्मात्यानं बाईंकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पहिलंच घ्या," नटांना म्हणाला. "जहाज तयार आहे वालं. आणि दोन्ही जहाजं ठेव भावा. मुक्काम पण ठेव. व्हिलनचं मग बघू."

"मग बघू नाही," मी म्हटलं. "व्हिलन म्हणजे त्यांचा विसर. ते लिहिलंय मी."

"बरं बाई," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं मला भावा म्हणणं सोडलं.

पुढच्या गुरुवारी मलिदा झाला. गोड केलेले पोहे, खोबरं, वेलदोडा, वर फळं. अण्णा सुट्टी म्हणून कुरुळीहून आले, चाचा आले, इस्त्रीवाल्याला वर बोलावलं. बाईंनी प्रार्थना म्हटली आणि मधेच एका शब्दाशी थांबून चाचांकडं बघितलं. चाचांनी मान हलवली, "तुमचा, तुमचा. आज सगळं तुमचं. आधी खाऊ द्या."

मालिका यायला उशीर लागला. तोवर मी खोली सोडली होती आणि बाई घर आवरून अलिबागेकडं बहिणीजवळ राहायला गेल्या होत्या. मालिका सुरू झाली तेव्हा अण्णा फाउंड्रीच्या कँटीनमध्ये फोन मधे ठेवून भाग ऐकवायचे. 'मुक्काम' आला की सगळ्यांना गप्प करायचे. चाचा दुकानात ऐकायचे, नातवासोबत. मी बाईंना फोन केला.

"ऐकलंत का?"

"मागं शब्दार्थ आहेत का?"

"बाई, ऐकायची मालिका आहे. तिला मागची पानं कुठनं असणार?"

"मग मी काय ऐकू?" त्या खरंच वैतागल्या होत्या. "गोष्ट?"

मी निर्मात्याकडं गेले. एक भाग जास्तीचा हवा म्हटलं, ज्यात गोष्ट नाही, नुसते शब्द. कुणी ऐकणार नाही, तो म्हणाला. एक माणूस ऐकणार आहे, मी म्हटलं. कप्तानाचे नट फुकट आले. ते एकेक शब्द वाचत गेले: जहाज, तयार, हुकूम, कायम, साकीन, आणि प्रत्येकाचं मूळ कुठनं कुठं आलं ते. चाचांना मी दापोडीहून बोलावून घेतलं होतं. जिथं वाद होता तिथं त्यांनी आपली बाजू मांडली, आणि बाईंची बाजूही मांडली, बाईंच्याच आवाजाची नक्कल करून. शेवटचा शब्द अण्णांनी वाचला. त्यांना कागद दिला होता, पण तो त्यांनी बाजूला ठेवला आणि आपल्या मनानं सांगितलं: "मुक्काम. म्हंजी जितं थांबलाव तितलं माणूस आपल्याला 'जेवलाव का' इचारतंय, ती जागा."

तो भाग आला त्या रविवारी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गॅलरीतला नव्हता.

"ऐकलं," म्हणाल्या. "शेवटचा शब्द दोनदा ऐकला. चाचांना सांग, नक्कल वाईट करतात."

"सांगते."

पलीकडं समुद्राचा वारा ऐकू येत होता. मला वाटलं ठेवला फोन.

"पोरी," बाई म्हणाल्या, "हे सुरू कुठनं होतं? पहिला भाग कसा लावायचा?"